एसीने घर गरम होतं का? होतं, पण फ्लॅट ठरवण्याआधी एवढं विचारा

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत निघायचंय, पसंत पडलेल्या फ्लॅटच्या जाहिरातीत "हीटिंग-कूलिंग दोन्ही एसीवर" असं आहे, आणि एसीचा फक्त गारवाच ठाऊक असल्यामुळे सोबत हीटर घ्यावा का अशी शंका आहे. मी अशा घरांत बारा हिवाळे काढलेत, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

एसी थंडी तयार करत नाही. तो उष्णता एका जागेवरून उचलतो आणि दुसरीकडे नेऊन टाकतो. चालू फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात धरून बघा, कोमट लागेल. आतल्या वस्तूंमधून काढलेली उष्णता तिथे बाहेर पडत असते. उन्हाळ्यात एसी खोलीतली उष्णता अशीच बाहेर फेकतो. हिवाळ्यात बाहेरच्या युनिटमधला चार तोंडांचा व्हॉल्व्ह फिरतो, गॅसचा प्रवास उलटा होतो आणि बाहेरची उष्णता आत यायला लागते. बाहेर शून्य अंश असताना कसली आलीय उष्णता, असं मलाही वाटलं होतं. पण आर-३२ नावाचा जो गॅस यात वापरतात, तो साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांच्या आसपास उकळतो. त्याच्या लेखी शून्य अंश म्हणजे भर उन्हाळा! बाहेरच्या गार हवेतूनही तो उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि ती ऊब घरात सोडतो. यात नवलाई काही नाही. कल्पना लॉर्ड केल्व्हिनने १८५२ मध्येच मांडली होती, आणि झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा असा पंप बसवला गेला.

यालाच हीट पंप म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या जाहिरातींत "रिव्हर्स सायकल" दिसेल, अमेरिकेत भिंतीवरच्या युनिटला "मिनी स्प्लिट". जात एकच. साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. चांगला हीट पंप सौम्य थंडीत तीन-चार युनिट देतो, कारण वीज फक्त वाहतुकीला लागते. पारा उणे १५ कडे गेला की हे प्रमाण दोनच्या आसपास उतरतं, तरी हीटरपेक्षा बरंच. म्हणून हीटर बॅगेत भरू नका.

मात्र "एसीवर हीटिंग" या शब्दांमागे वेगवेगळी यंत्रं लपलेली असतात. काही ठिकाणी एसी फक्त गार करतो आणि त्याच डब्यात विजेची कॉइल असते. ऊब छान येते, बिल पाहून घाम फुटतो. काही जुन्या मोठ्या इमारतींत सगळ्यांना मिळून एकच व्यवस्था असते आणि पाइपची जोडीही एकच. त्या पाइपांत एक तर गरम पाणी नाही तर गार पाणी. कधी बदलायचं ते इमारतीचं व्यवस्थापन ठरवतं. मी अशा घरात एक वर्ष राहिले. हीटिंग चालू झाल्यावर आठवडाभर ऊन तापलं, तेव्हा खिडक्या सताड उघड्या टाकून बसलो होतो, कारण गार करायची सोयच नव्हती. चार पाइपांच्या इमारतीत गरम आणि गार पाण्याची जोडी वेगळी असते, म्हणून ही अडचण येत नाही, तेव्हा हे मुद्दाम विचारा.

आता दोन फजित्या, दोन्ही पहिल्या हिवाळ्यातल्या. एका रात्री आतलं युनिट अचानक गप्प झालं. पंखा बंद, हवेची पट्टी मिटलेली. बाहेरून फुस्स असा आवाज आला आणि खिडकीतून पाहते तर बाहेरच्या युनिटमधून पांढरा लोट निघतोय. जळालं समजून मी मेन स्विच पाडला आणि घरमालकांना झोपेतून उठवलं. ती वाफ होती. दमट गारठ्यात बाहेरच्या जाळीवर बर्फ साचतो, तो वितळवायला यंत्र काही मिनिटं पुन्हा उलटं चालतं, आणि तुमच्या अंगावर गार वारा येऊ नये म्हणून आतला पंखा थांबतो. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. पाच-दहा मिनिटं बघत बसा, काही करू नका.

दुसरी फजिती महागात पडली. डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळांतून, हवा येणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या व्यवस्थेत थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान ठरवायच्या डबीवर, "इमर्जन्सी हीट" असतं. नावावरून वाटलं, कडाक्याच्या थंडीसाठीच असणार. तीन आठवडे तेच लावून ठेवलं. ते हीट पंप बिघडल्यावर वापरायचं असतं! त्यात पंप बंद राहतो आणि सगळा भार कॉइलवर येतो. "ऑक्स" अशी अक्षरं दिसली तर घाबरू नका, ती मदतीची कॉइल आहे आणि गरज पडली की आपोआप लागते.

वापरताना सूर्याचं चिन्ह म्हणजे गरम, बर्फाच्या फुलाचं म्हणजे गार. हवेच्या पट्ट्या हिवाळ्यात खाली वळवा, नाहीतर ऊब छताशीच तरंगत राहते. आकडा ३० वर नेला म्हणून खोली लवकर तापते असं नाही. येणारी हवा हीटरसारखी चटका देणारी नसते, कोमटच लागते. बिघाड समजू नका. दर तासाला चालू-बंद करण्यापेक्षा २० अंशांवर सोडून द्यावं हे माझं मत. थर्मोस्टॅट फॅरनहाइटचा असेल तर तो आकडा ६८. १८ च्या खाली मात्र घर ठेवू नका, जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे. फिल्टर महिन्यातून एकदा धुवायचा.

जाहिरात देणाऱ्याकडे आजच युनिटवरच्या प्लेटचा फोटो मागा. त्यावर हीटिंगची क्षमता आणि त्यासाठी लागणारी वीज, असे दोन आकडे असतात. क्षमता ४ किलोवॅट आणि वीज साधारण १ किलोवॅट असेल तर तो हीट पंप. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर कॉइल. हीटिंगचा रकानाच नसेल तर तो नुसता गार करणारा एसी, आणि मग जाहिरातीतली ऊब येते कुठून ते त्यांनाच विचारा. आकडे कळेनासे झाले तर फोटो मला पाठवा, बघून सांगते.