वाचकांचे प्रश्न : दिव्याला कोणती शेड?

प्रश्न : घरातल्या जुन्या पितळी फुलदाणीचा टेबललॅम्प करून घेतला. फुलदाणी ३६ सेंमी उंच आणि पोटाशी १६ सेंमी रुंद आहे. दुकानात दोन-तीन शेड लावून पाहिल्या. एक टोपीसारखी दिसते, तर दुसरी छत्रीसारखी. माप कसं ठरवायचं? (सातारा)

उत्तर : दुकानात जाताना टेप सोबत न्या. शेडचा खालचा व्यास फुलदाणीच्या सर्वांत रुंद भागाच्या निदान दुप्पट हवा, पण टेबलापासून होल्डरच्या बुडापर्यंतच्या उंचीपेक्षा जास्त नको. म्हणजे तुमच्यासाठी ३२ ते ३६ सेंमी. शेडची उंची फुलदाणीच्या दोन तृतीयांश ते पाऊण, म्हणजे २४ ते २७ सेंमी ठेवा. शेडची खालची कड होल्डरच्या बुडाखाली साधारण एक सेंमी उतरली पाहिजे. त्याहून वर राहिली तर होल्डर आणि वायर उघडी दिसते, फार खाली आली तर फुलदाणीची मानच झाकली जाते.

हे झालं दिसण्याचं. डोळ्यांना त्रास होईल की नाही, हे मात्र तुम्ही कुठे बसता त्यावर ठरतं. बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, नाहीतर बल्ब थेट डोळ्यांत येतो. खुर्चीत बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून ११०-११५ सेंमीवर असतात, तेव्हा ६० सेंमीच्या टेबलावर तुमचा दिवा ठीक बसेल. घरात भारतीय बैठक असेल तर डोळे ७०-७५ सेंमीवर येतात. मग हाच दिवा ३० सेंमीच्या चौरंगावर ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती मापापेक्षा महत्त्वाची आहे. पितळी दिव्याला दोन तारांची वायर चालणार नाही. वायरसाठी पाडलेल्या भोकाच्या धारदार कडेवर वायरचं आवरण हळूहळू कापलं जातं आणि एक दिवस अख्खी फुलदाणी करंट मारते. भोकात रबरी बुश बसवून घ्या, वायर तीन तारांची घ्या, हिरवी, म्हणजे अर्थिंगची तार लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी) लावून स्क्रूने पितळेला घट्ट करा आणि त्या जागेचं पॉलिश आधी खरवडून काढा. प्लग अर्थातच तीन पिनांचा. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून प्लगची मोठी पिन आणि पितळ यांची जोडणी तपासून घेतल्याशिवाय दिवा लावू नका.

प्रश्न : आजीच्या रेशमी जरीच्या साडीची शेड शिवली आहे. आत ६० वॉटचा साधा बल्ब आहे. वरच्या बाजूला तपकिरी डाग पडला, तो धुऊनही जात नाही. (नाशिक)

उत्तर : जाणार नाही, कारण तो मळ नाही, कापड करपलं आहे. दिवा आजपासून बंद ठेवा. साध्या बल्बने घेतलेल्या विजेतला फार मोठा भाग उष्णताच होतो. गरम हवा वर जाते आणि शेडचं तोंड कापडाने बंद असेल तर ती तिथेच कोंडते. करपलेला भाग पुढच्या वेळी कमी उष्णतेतही पेट घेऊ शकतो, म्हणून तेवढा तुकडा कापून टाकावा लागेल.

उरलेल्या साडीची शेड नक्की होईल. वरचं तोंड पूर्ण मोकळं ठेवा. ९ वॉटचा एलईडी लावा, प्रकाश जवळपास तेवढाच मिळतो. शेडवर ‘जास्तीत जास्त ४० वॉट’ लिहिलेलं असतं ते बल्ब खरोखर किती वीज घेतो त्याबद्दल, तेव्हा ‘६० वॉटइतका प्रकाश’ असं छापलेला ९ वॉटचा एलईडी तिथे चालतो. एलईडीलाही हवा लागते बरं; कोंडलेल्या शेडमध्ये त्याच्या बुडातलं सर्किट तापून लवकर जातं. बल्ब आणि कापडात चारी बाजूंनी ५ सेंमी अंतर राहू द्या.

खरी जर म्हणजे धातूची तार, तिच्यातून वीज वाहते. कडेचा जरीचा धागा सुटून होल्डरच्या पिनेला लागला तर धोका आहे. कड दुमडून सुती अस्तराखाली शिवा. अस्तराला पॉलिस्टर वापरू नका, ते वितळून पेटते थेंब खाली पडतात. दोन तास दिवा लावून मग प्लग काढा आणि शेडला आतून वरच्या बाजूला तळहात टेकवा. दहा सेकंद ठेवता आला नाही तर बल्ब अजून कमी वॉटचा हवा.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून शेड आणली. मधे एवढंसं भोक आहे, होल्डरवर बसतच नाही. (पुणे)

उत्तर : तिकडे शेड होल्डरवर नाही, बल्बभोवतीच्या तारेच्या कमानीवर बसते आणि वरून छोट्या नटने आवळतात. आपल्याकडे शेडची रिंग थेट होल्डरवर अडकते; पिनच्या होल्डरला साधारण २९ मिमी, आट्यांच्या होल्डरला ४० ते ४२ मिमी भोक लागतं. मुलीला ती कमान तिच्या खालच्या पट्टीसकट पाठवायला सांगा. पट्टी होल्डरखालच्या १० मिमी आट्यांच्या नळीवर बसते. भोक कापून मोठं करू नका, शेड वाकडी होऊन बल्बला टेकते. आणि तिकडचा १२० व्होल्टचा साधा बल्ब इथे लावू नका. २३० व्होल्टवर तो क्षणात जातो, कधी काचही फुटते.

प्रश्न : पतंगी कागदाच्या आकाशकंदिलात झिरोचा बल्ब रात्रभर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात १२-१५ वॉट घेतो. अर्ध्या ते एक वॉटचा एलईडी लावा. होल्डर कंदिलाच्या मधोमध, वायरला वेगळी दोरी बांधून टांगा; वाऱ्याने कंदील हलला तरी कागद बल्बला लागता कामा नये.