कोवालेन्को, कोवालचुक आणि कोवालिशिन

प्रश्न : युक्रेनमध्ये कोवालेन्को, कोवालचुक ही आडनावे वारंवार दिसतात. हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि ही आडनावे नेमकी कुठली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : घराणे एक नाही, धंदा एक. युक्रेनियनमध्ये ‘कोवाल’ म्हणजे लोहार. नांगराचा फाळ, विळे, घोड्याचे नाल, चाकाची धाव ही सगळी कामे त्याच्याकडे. गावात लोहार बहुधा एकच, त्यामुळे ‘कोवाल’ म्हटले की माणूस कळायचा. शेजारच्या गावातही तसेच. म्हणून एकमेकांशी काडीचे नाते नसलेल्या असंख्य घरांना हेच नाव पडले. आज कोवालेन्को हे देशातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या दहा आडनावांत मोडते. याच पंक्तीत मेलनिक (पिठाची गिरणी चालवणारा), शेवचेन्को (मोच्याचा मुलगा) आणि बोंदारेन्को (लाकडी पिंपे बनवणाऱ्याचा मुलगा) आहेत.

मूळ प्रांत ओळखायचा तर शेवटचा प्रत्यय पाहावा. ‘एन्को’ म्हणजे मुलगा. तो कीव्ह, पोल्ताव्हा, चेर्कासी या मध्य भागातला. 1649 च्या कोसॅक (युक्रेनमधले लढवय्ये) सैन्याच्या नोंदवहीत चाळीस हजारांवर नावे आहेत आणि त्यांत ‘एन्को’वाली भरपूर सापडतात. ‘चुक’ हा पश्चिमेकडच्या व्होलिन-पोदिल्याचा. कोवालचुक म्हणजे लोहाराचा मुलगा किंवा त्याच्या हाताखालचा शिकाऊ पोरगा. ल्विव्हच्या बाजूला, गॅलिसियात, कोवालिव आणि कोवालिशिन भेटतात. यातले कोवालिशिन मला विशेष मोलाचे वाटते, कारण ते ‘कोवालिखा’वरून, म्हणजे लोहाराच्या बायकोवरून आले आहे. मुले आईच्या नावाने ओळखली गेली, याची ती जिवंत खूण आहे.

पूर्वज शोधणारे बहुतेकदा अडतात ते रूपांवर. युक्रेनियन कागदात ‘कोवालेन्का’ दिसले तर ते बाईचे आडनाव समजू नये. ते पुरुषाच्या नावाचे विभक्तिरूप आहे, आपण ‘घोडा’चे ‘घोड्या’ करतो तसे. बायकांचे आडनाव सर्व विभक्तींत कोवालेन्कोच राहते. झारच्या काळातल्या दप्तरात कारकुनाने शेवटी ‘व’ जोडून कोवालेन्कोव केलेलेही सापडते. गॅलिसिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथल्या चर्चच्या जन्ममृत्यू वह्या 1784 नंतर लॅटिनमध्ये, पोलिश वळणाच्या स्पेलिंगने लिहिल्या गेल्या, म्हणून ‘व’साठी डब्ल्यू. 1891 पासून तिथले लोक कॅनडाला जाऊ लागले आणि तो डब्ल्यू त्यांच्या आडनावात कायम झाला. तेव्हा शोध घेताना व्ही आणि डब्ल्यू दोन्ही टाकून पाहावे, आणि आडनावाआधी गाव निश्चित करावे. नुसत्या कोवालेन्कोवरून नाते जुळवू गेल्यास परक्याचीच वंशावळ हाती येते.

अंतराळवीर व्लादिमीर कोवाल्योनोक यांचे नावही याच मुळाचे, पण ‘ओनोक’ हा प्रत्यय बेलारूसचा, आणि ते जन्माने तिथलेच.