इलेक्ट्रिक गिटारला कुठल्या कंपनीच्या तारा मऊ लागतात? 9 चा सेट लावू की 10 चा?

तुम्ही लिहिलंय की स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) टाइपची गिटार आहे, दोन वर्षं 9 चा सेट (सगळ्यात बारीक तार इंचाच्या 9 हजारांश जाडीची) वाजवला, मग कुणीतरी सांगितलं की टोन जाड हवा असेल तर 10 लाव, आणि तो लावल्यापासून बेंड (तार बाजूला ढकलून सूर चढवणं) पूर्ण चढत नाही, बोटं सोलवटली, तर आता कंपनी बदलू का, एर्नी बॉल मऊ की डॅडारिओ मऊ की सरळ एलिक्सर. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय, शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, गणपतीतले मांडव, सगळीकडे, आणि या तारांच्या मागे मी खूप पैसे घालवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे कंपनीचा विषय आत्ता बाजूला ठेवा. वरच्या तीन तारा, ई, बी, जी, या साध्या स्टीलच्या तारा आहेत, त्यांच्यावर काही गुंडाळलेलं नसतं. अशा तारेवर किती ताण येणार हे तीनच गोष्टी ठरवतात, ती किती जाड, नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारांचा आधार) किती लांब आणि कुठल्या सुरात लावलीय. पाकिटावर नाव कुणाचं आहे याने काही फरक पडत नाही. 10 ची ई तार कुणाचीही आणा, स्ट्रॅटच्या साडेपंचवीस इंच लांबीवर नेहमीच्या ट्यूनिंगला ती सुमारे 7.3 किलोने ओढलेली असते, 9 ची सुमारे 6 किलोने आणि 11 ची जवळजवळ 9 किलोने. म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक, पण ताण तेवीस टक्क्यांनी वर, कारण तारेचं वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. सहाही तारा मिळून बघितलं तर 9-42 चा सेट (सगळ्यात बारीक तार 9, सगळ्यात जाड 42) साधारण 38-39 किलो आणि 10-46 चा 46-47 किलो. हे आठ किलो तुमच्या गिटारच्या मानेवर आणि ब्रिजवर नव्याने आलेत, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बेंडबद्दल, कारण तुमचं खरं दुखणं तेच आहे. आमच्या आजोबांची सतार होती घरी, गिरगावच्या खोलीत खिडकीपाशी बसून ते मींड घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या बोटाकडे बघत बसायचो, तार पडद्यावरून केवढी बाजूला जायची. गिटारचा बेंड म्हणजे तीच मींड, फक्त अंतर कमी. आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली की साध्या तारेत 9 असो की 10, एक पूर्ण सूर चढवायला बोट जेवढं सरकवावं लागतं ते अंतर तेवढंच राहतं, वाढतो तो फक्त जोर. म्हणजे 10 वर तुमचं बोट जोर कमी पडून अर्ध्या वाटेत थांबतंय आणि तुम्हाला वाटतंय तार चढत नाहीये. उलट जी तार बघा, ती ई पेक्षा बरीच जाड असूनही थोड्याशा सरकवण्यात सूर चढवते, कारण तिच्या जाडीच्या मानाने ती खालच्या सुरात लावलेली असते, जरा ताणली की लगेच बोलते. म्हणून जी वर बेंड बरोबर यायचा आणि वरच्या ई वर तसाच ढकलला तर बेसूर लागायचा, हे सगळ्यांचंच होतं, त्यात तुमचा हात वाईट नाहीये.

पण मला वाटतं तुमच्या बाबतीत अर्धा त्रास सेटअपचा आहे. तुम्ही सेट बदलला पण मागचं झाकण उघडलं का? स्ट्रॅटचा ब्रिज मागच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो, पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा. तुम्ही पुढे आठ किलो वाढवले आणि मागे काहीच केलं नाही तर ब्रिज पुढे झुकणार, मागून उचलला जाणार, अॅक्शन (तारांची फ्रेटपासून, म्हणजे पडद्यांपासून, उंची) वर येणार, मान थोडी जास्त वाकणार, आणि मग तीच 10 ची तार तारेसारखी न लागता सळीसारखी लागते. शिवाय ब्रिज तरंगता असला की बेंड मारताना तोही थोडा पुढे येतो आणि बाकीच्या तारा उतरतात, म्हणजे बोटाला आणखी पुढे जावं लागतं. 11 लावलेल्या मित्राची गिटार मी एकदा कार्यक्रमाआधी हातात घेतली आणि ती माझ्या 10 वाल्यापेक्षा हलकी लागली, नंतर कळलं की त्याने स्प्रिंगांनी ब्रिज लाकडाला टेकवून पक्का केला होता, नटच्या खाचा जाड तारेप्रमाणे घासून घेतल्या होत्या आणि अर्धा सूर खाली लावली होती.

अर्धा सूर खाली, हे तुम्ही आजच करून बघा, पैसे लागत नाहीत. प्रत्येक तार अर्ध्या सुराने उतरवली, म्हणजे ई ची ई फ्लॅट केली आणि बाकीच्याही तशाच, की ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो. तुमची 10 ची ई मग साडेसहा किलोवर येते, म्हणजे 9 आणि 10 च्या मधोमध. ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे वॉन याचं नाव सगळे घेतात की तो 13 वाजवायचा, पण तो अर्धा सूर खाली वाजवायचा हे सांगत नाहीत. आणि दुसरीकडे झेडझेड टॉप या रॉक बँडचा बिली गिबन्स 7 ची तार वाजवतो, त्याचा टोन कुणी बारीक म्हणेल का? म्हणून जाड तार म्हणजे जाड टोन हे ज्याने सांगितलं ते मला तरी पटत नाही. जाड तारेने पिकचा जोर जास्त सहन होतो, तार फार थरथरत नाही, ट्यूनिंग स्थिर राहतं, हे फायदे खरे आहेत आणि रिदम वाजवणाऱ्याला ते जाणवतात.

लेस पॉल टाइपची गिटार असती तर उत्तर वेगळं असतं, तिची लांबी पाऊण इंच कमी, पावणेपंचवीस, त्यामुळे त्याच तारांवर ताण सहा टक्क्यांनी कमी. म्हणून तिच्यावर 10 लावणारे खूप लोक स्ट्रॅटवर 9 लावतात.

कंपनीचा फरक लागतो तो गुंडाळलेल्या खालच्या तीन तारांत. तिथे आतला गाभा किती जाड आणि वरचं गुंडाळण किती हे प्रत्येकाचं वेगळं. षटकोनी गाभ्याच्या तारा जरा ताठ, गोल गाभ्याच्या थोड्या लवचिक. गुंडाळण बहुतेक सेटमध्ये निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलचं असतं, शुद्ध निकेलची तार बोटाला गुळगुळीत आणि आवाज जरा मवाळ, स्टेनलेस स्टीलची चरचरीत, चमकदार, पण बोटं आणि फ्रेट दोन्ही घासते. एर्नी बॉलची स्लिंकी आणि डॅडारिओची एक्सएल यांच्यात मला हाताला फार फरक लागत नाही, दोन्ही चांगल्या.

एलिक्सरचा, म्हणजे लेप दिलेल्या तारांचा, मुद्दा आपल्या मुंबईत वेगळा आहे. जुलैत लोकलमधून गिटार घेऊन या, हाताला घाम, हवेत ओलावा, पंधरा दिवसांत माझी बी तार फ्रेटच्या वर बारीक तपकिरी ठिपके दाखवते आणि तिथून बोट सरकवलं की खरखर जाणवते, तेव्हा तार कडक झाली असं वाटतं पण ती गंजलेली असते, ताण तेवढाच असतो. लेप दिलेल्या तारा इथे खरंच टिकतात, माझ्याकडे अडीच-तीन महिने आरामात, त्यात एलिक्सरची पॉलीवेब जाड लेपाची आणि निसरडी, नॅनोवेब पातळ लेपाची. किंमत साध्या सेटच्या दुपटीहून जास्त, पण पावसाळ्यात मला ते परवडतं. नाहीतर वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, मी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा केसमध्ये ठेवतो, त्याच्यासारखं दुसरं काही पुसत नाही. आणि तारा धोबी तलावच्या फर्टाडोजसारख्या ठिकाणाहून घ्या, स्वस्त म्हणून मी एकदा नकली सेट आणला होता, ई तार लावतानाच तुटली. डॅडारिओत तर तारेच्या टोकाचे छोटे गोळे रंगीत असतात, वरची ई चंदेरी, बी जांभळी, जी हिरवी, डी काळी, ए लाल आणि जाडी ई पितळी, ते बघून घ्यायचं.

तुमच्यासाठी मी म्हणेन, 10 चा सेट काढू नका. आधी अर्धा सूर खाली लावून पंधरा दिवस वाजवा. नंतर नेहमीच्या ट्यूनिंगला आलात आणि तरी जड वाटलं तर साडेनऊचा सेट मिळतो, एर्नी बॉलचा प्रिमो स्लिंकी, 9.5-44, लीड वाजवणाऱ्याला तो मला सगळ्यात नीट बसतो असं वाटतं. खालच्या तारांवर रिदम जोरात वाजवत असाल तर 9-46 चा हायब्रिड (वरच्या तारा 9 च्या सेटच्या, खालच्या 10 च्या). सेट कुठलाही लावा, मागे स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा घट्ट करा, परत ट्यून करा, ब्रिज गिटारच्या अंगाला समांतर आला का बघा, नसेल तर परत अर्धा फेरा. घाई करू नका, तीन-चार वेळा असं करावं लागतं. झाकण उघडलंत की आत स्प्रिंगा तीन आहेत की पाच तेवढं सांगा, त्यावरून किती फेरे लागतील ते सांगतो.