गच्चीवरच्या टाकीत ऊर्जा येते कुठनं?

प्रश्न : नळाला पाणी आलं की आम्ही मोटर लावून गच्चीवरची टाकी भरतो. नववीतल्या मुलीच्या पुस्तकात आहे की उंचावर गेलं की स्थितिज ऊर्जा येते. ती म्हणते, पाणी तर तेच आहे ना, मग त्यात ऊर्जा आली कुठनं? आणि उल्का तर कुणीच वर नेलेल्या नसतात, त्यांच्यात कुठनं आली? मला काय सांगता येईना.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पोरगी हुशार आहे तुमची. टाकीचं सोपं आहे, ती ऊर्जा तुमच्या लाईट बिलातनं आली. 500 लिटर पाणी 10 मीटर वर चढवलं की साधारण 49,000 ज्यूल साठतात, आणि एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे युनिटचा सत्तरावा भागसुद्धा नाही. मोटर त्याहून बरीच जास्त खाते, पण ते वरचं सगळं मोटर तापण्यात न पाइप घासण्यात जातं.

आता उजनीचं पाणी घ्या, ते कुणी वर चढवलं? तर सूर्याने. समुद्राचं पाणी तापून वाफ झाली, वर गेली, वाऱ्याने सह्याद्रीवर आणली, तिकडे पडली आणि भीमेतनं आपल्याकडे आली. धरणाच्या पायथ्याला 12 मेगावॅटचं वीजघर आहे ना, ते हीच सूर्याची कमाई खातं, आणि तिथलं यंत्र असं आहे की उलटं फिरवून खालचं पाणी परत धरणात ढकलता येतं, फक्त तेव्हा वीज आपल्याला घालावी लागते, फुकट काहीच नाही!

पण "पाणी तर तेच आहे" हे मुलीचं अगदी बरोबर आहे. टाकीतला थेंब न हौदातला थेंब शेजारी ठेवून तपासले तर वर कुठला होता ते कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. कारण ऊर्जा एकट्या पाण्यात नसतेच, ती पृथ्वी आणि पाणी या जोडीची असते. दोन बोटांत रबर ताणलं तर ताण कुठल्या बोटात आहे असं विचारतो का आपण? तसंच ते. दोघं एकमेकांना ओढतायत, त्या ओढीविरुद्ध त्यांना लांब करायला जे काम कराल तेच साठतं.

उल्केचं मात्र खरंच अवघड आहे, कारण तिला पृथ्वीपासून कुणी लांब नेलेलंच नाही, ती मुळातच लांब होती. विश्वाच्या सुरुवातीपासून सगळं द्रव्य पसरलेलंच होतं, म्हणजे ही ऊर्जा जन्मजात. त्यातलं काही गोळा होऊन सूर्य झाला, पृथ्वी झाली, आणि पडता पडता तापली. जे उरलं ते अजून पडतंय. फार लांबनं नुसतं सोडून दिलेलं दगड जरी पृथ्वीवर आलं तरी त्याचा वेग सेकंदाला 11.2 किलोमीटर होतो (हवेचा अडथळा सोडून), म्हणजे किलोमागे सव्वासहा कोटी ज्यूल, तेवढ्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकाच्या पंधरापट! म्हणून तर उल्का जळतात.

परीक्षेत मात्र मुलीला एमजीएचच (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची) लिहायला सांगा, आणि उंची कुठनं मोजली ते आधी लिही म्हणावं, जमिनीपासनं मोजा नाहीतर हौदाच्या तळापासनं, शून्य कुठे धरायचं ते आपल्या हातात असतं, फरक तेवढा खरा.