बोट अख्ख्या दिवसाची की अर्ध्या? आधी खरा आकडा काढू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सहा महिन्यांनी समुद्रकाठी सुट्टीला जायचंय, एकूण नऊ जण, तुम्ही दोघं, तुमची दोन मुलं, सासू-सासरे आणि दीर-जाऊ त्यांच्या मुलीसकट. त्यातला एक दिवस अख्खी बोट भाड्याने घ्यायची, कॅप्टनसकट, आठ तास, डॉल्फिन आणि कासवं बघायची आणि तीन ठिकाणी थांबून पोहायचं. भाडं तुम्हा दोघांच्या मिळून महिन्याला हातात येणाऱ्या पगाराच्या निम्मं आहे. त्याच बोटीचा अर्ध्या दिवसाचा रेट याच्या 60 टक्के, आणि सगळ्या पब्लिकसोबतच्या मोठ्या बोटीची नऊ तिकिटं काढली तर 40 टक्क्यांत काम होतं. मिस्टर म्हणतात एवढेच पैसे एसआयपीत टाकले तर वीस वर्षांनी काय होतील ते बघ, सासूबाई म्हणतात मला तसंही पाण्यात उतरायचं नाहीये तुम्ही जाऊन या, आणि तुम्हाला वाटतंय की सासऱ्यांच्या गुडघ्याकडे बघता पुढच्या वर्षी जमेल न जमेल. पैसे कुठून आणायचे, तर एक तर इमर्जन्सी फंड नाहीतर कार्डावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बोट घ्या, पण अर्ध्या दिवसाची, सकाळची, आणि पैसे फंडातूनही नको आणि हप्त्यानेही नको.

आता का ते सांगते. प्रायव्हेट बोटीला आपण जे जास्तीचे पैसे देतो ते नक्की कशाचे, हे आधी बघायला हवं. समुद्र तोच असतो, मासे तेच, आणि डॉल्फिनला काय माहीत कुठल्या बोटीने किती पैसे भरलेत. जास्तीचे पैसे जातात वेळ आपल्या हातात राहण्यासाठी. पोराला उलटी व्हायला लागली की बोट वळवता येते, पाणी छान आहे म्हणून अजून वीस मिनिटं थांबता येतं, सासऱ्यांना शिडी चढायला पाच मिनिटं लागली तरी मागे चाळीस माणसं ताटकळत उभी नसतात. ज्या ग्रुपला हे लागतच नाही, म्हणजे चार धडधाकट मित्र वगैरे, त्यांनी सरळ तिकीट काढावं, पैसे वाचवावेत. तुमच्या ग्रुपमध्ये गुडघा आहे, सहा वर्षांचं पोरगं आहे आणि पाण्यात न उतरणाऱ्या सासूबाई आहेत, म्हणजे तुम्हाला हा ताबा खरंच लागणार आहे. म्हणून मी नाही म्हणत नाहीये.

पण कोटेशनचा आकडा म्हणजे खर्चाचा आकडा नव्हे, इथेच बहुतेक लोक फसतात. समजा अख्ख्या दिवसाचं भाडं 100 धरलं. त्यात इंधन धरलंय की वेगळं? वेगळं असेल तर ते कशावर, अंतरावर की इंजिनाच्या तासांवर? संरक्षित भागात जाणार असाल तर माणशी प्रवेश फी लागू शकते. मग जेवण, क्रूची टीप, मास्क-स्नॉर्केलचं भाडं, धक्क्यापर्यंत जायची-यायची गाडी. हे सगळं धरून मी तुमच्यासाठी अंदाजे 35 वर धरते, म्हणजे 135. तुमच्या पगाराच्या भाषेत सांगायचं तर निम्मा पगार नाही, दोन तृतीयांशाच्याही जरा वर. अर्ध्या दिवसाला वरचा खर्च कमी होतो, जेवण जातं, इंधन कमी लागतं, तिथे 15 धरू, म्हणजे 60 चे 75. मोठ्या बोटीचे 40, त्यात बरंचसं आत असतं, गाडी वगैरे धरून 45.

आता बघा, तुम्ही तुलना करत होता 100 विरुद्ध 40 ची. खरी तुलना 135 विरुद्ध 45 ची आहे, म्हणजे फरक 90. आणि अर्धा दिवस घेतलात तर 75 विरुद्ध 45, फरक फक्त 30. तो ताबा, ती निवांतपणाची चैन, ती तुम्हाला 30 मध्येही मिळतेय. उरलेले 60 हे दुपारचे आहेत.

आणि दुपार कशी असते ते सांगते. दिवस चढेल तशी जमीन तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो, सकाळी जे पाणी काचेसारखं असतं त्याच्यावर दुपारी बारीक बारीक लाटा उठतात, बोट आपटत आपटत चालते आणि मळमळ बहुतेकांना तेव्हाच होते. लाटा असल्या की लांबून पाठीचा पंखही दिसत नाही, त्यामुळे प्राणी बघायलाही सकाळच बरी. पहिल्या थांब्याला सगळे उड्या मारतात, दुसऱ्याला निम्मे, आणि तिसऱ्यापर्यंत पोरं टॉवेल गुंडाळून ओठ निळे करून बसलेली असतात आणि मोठे लोक किती वाजले ते बघत असतात. सकाळी लवकर निघून चार तासांत एक चक्कर प्राण्यांसाठी आणि पोहायचे दोन थांबे आरामात होतात. तिसऱ्या थांब्यासाठी जवळजवळ दुप्पट खर्च करावा असं मला तरी काही दिसत नाही.

प्राण्यांचं मात्र एक स्पष्ट लक्षात ठेवा, ते दिसतीलच असं नाही, आणि 'दिसलेच पाहिजेत' म्हणून मागे लागणाऱ्या बोटीला पैसे देऊ नका. काही ठिकाणी गॅरंटी देतात की नाही दिसले तर दुसरी फेरी फुकट, ऐकायला भारी वाटतं, पण तुमची परतीची तिकिटं दुसऱ्या दिवसाची असतील तर त्या गॅरंटीची किंमत शून्य. तिच्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. दुसरं, 'डॉल्फिनसोबत पोहणे' असं पॅकेजमध्ये लिहिलं असेल तर जपून. हवाईमध्ये 2021 पासून स्पिनर डॉल्फिनच्या 50 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 45 मीटर, पोहायला किंवा बोट न्यायला बंदी आहे. कारण ते रात्री शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात विश्रांती घेतात, आपण त्यांची झोप मोडतो. ठिकठिकाणचे नियम वेगळे असतात पण आपल्या बाजूने सोपं ठेवा, बघायचं लांबून, पोहायचं दुसरीकडे. पाठलाग करण्यात तुमचे तास आणि वेगळं लावलेलं इंधन दोन्ही जातं, वर कुठे दंडाची भानगड झाली तर सुट्टीचा विचका.

आता पैसे कुठून. इमर्जन्सी फंड चार महिन्यांच्या खर्चाचा आहे असं लिहिलंय, घराचा हप्ता चालू आहे, घरात दोन म्हातारी माणसं आहेत. खरं तर तो सहा महिन्यांचा असायला हवा, त्यातून काढायची गोष्टच सोडा. आणि सुट्टी ही इमर्जन्सी नाही हे तुम्हालाही माहितीये, नाहीतर विचारलंच नसतं. नो-कॉस्ट ईएमआयचं म्हणाल तर कॉस्ट कुठे ना कुठे असतेच, एक तर एकरकमी दिल्यावर जी सूट मिळाली असती ती जाते, नाहीतर प्रोसेसिंग फी लागते, आणि एखादा हप्ता चुकला की कार्डाचं नेहमीचं व्याज सुरू. पण माझा आक्षेप व्याजापेक्षा वेगळा आहे. प्रेलेक आणि लोवेनस्टाइन या दोन संशोधकांनी 1998 मध्ये एका अभ्यासात लोकांना विचारलं होतं की पैसे आधी भरायला आवडतील की नंतर. वॉशिंग मशीनचे लोकांना नंतर चालत होते, कारण मशीन तेव्हाही कपडे धूत असतं. सुट्टीचे मात्र आधीच भरून टाकलेले बरे वाटत होते. मलाही हेच दिसतं, होऊन संपलेल्या मजेचा हप्ता फार टोचतो, आणि त्यावरून घरात ज्या कुरबुरी होतात त्या वेगळ्याच.

तुमच्याकडे सहा महिने आहेत ना, मग सोपं आहे. अर्ध्या दिवसाचे सगळे मिळून 75, म्हणजे पगाराचे साडेसदतीस टक्के. दीर त्यांच्या तिघांचा वाटा देणार असतील तर एक तृतीयांश गेला, तुमच्याकडे 50 राहिले, म्हणजे पाव पगार. सहा महिन्यांत विभागलं तर महिन्याला पगाराचे चार-सव्वाचार टक्के. एसआयपीला हात लावायची गरज नाही, हॉटेलिंग आणि ऑनलाईन खरेदी जरा आवरली तर निघतात. वेगळं खातं किंवा रिकरिंग उघडा, पगार झाला की दुसऱ्या दिवशी आपोआप जाऊ दे. बुकिंगच्या वेळी समजा निम्मा अ‍ॅडव्हान्स मागितला तर तो पहिल्या अडीच-तीन महिन्यांतच जमतो, म्हणजे आत्ताच्या आत्ता कार्ड घासायची घाई करायचं कारण नाही. आणि जमलेच नाहीत तर तेही उत्तरच आहे, मोठ्या बोटीचं तिकीट काढा, डॉल्फिन तिथूनही दिसतात.

आता मिस्टरांचा मुद्दा. तो चुकीचा नाहीये. 10 टक्के परतावा धरला तर वीस वर्षांत पैसे साधारण पावणेसात पट होतात, पण महागाई 6 टक्के धरली तर खरेदीच्या ताकदीत ते दुपटीच्या जरा वर बसतात. तरीही दुप्पट म्हणजे दुप्पट. फक्त त्यांना एक विचारा, ही बोट नाही घेतली तर ते पैसे खरंच एसआयपीत जाणार आहेत का? की तीन महिन्यांनी नवीन फोनमध्ये? हे वीस वर्षांचं गणित कुठल्याही खर्चाच्या डोक्यावर मारता येतं, अगदी सासूबाईंच्या चष्म्याच्यासुद्धा, म्हणून ते तेव्हाच धरायचं जेव्हा पैशाला दुसरीकडे जायचा रस्ता खरोखर ठरलेला असतो. शिवाय मोठ्या बोटीच्या तिकिटात तुमच्या सहा जणांचा वाटा 30 होणारच होता. म्हणजे तुमच्यापुरता वाद फक्त 20 चा आहे, पगाराच्या दहा टक्क्यांचा. तेवढ्यावरून भांडू नका.

बुक करायच्या आधी बोटवाल्याला चार गोष्टी लेखी विचारा, फोनवर गोड बोलणं पुरत नाही. हवामानामुळे त्यांनी रद्द केलं तर पैसे परत की फक्त दुसरी तारीख? दुसरीच तारीख मिळणार असेल तर बोट सुट्टीच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, म्हणजे पुढे एक-दोन दिवस हातात राहतील, शेवटच्या दिवशी ठेवलेली बोट म्हणजे जुगार. बोटीचं लायसन्स किती प्रवाशांचं, आणि नऊमध्ये मुलं धरली का? आंतरराष्ट्रीय नियमात बारापेक्षा जास्त प्रवासी नेणारं जहाज 'पॅसेंजर शिप' ठरतं आणि त्याचे नियम कडक होतात, म्हणून बऱ्याच चार्टर बोटी बारावरच थांबतात, तुम्ही नऊ आहात म्हणजे ठीक, पण छोट्या बोटीची मर्यादा आठची असेल आणि तो म्हणाला 'मुलांचं काय, बसतील की', तर तिथून निघा. लहान मापाची लाइफ जॅकेट आहेत का हेही त्याच दमात विचारा.

आणि शिडी. हे कोणी विचारत नाही. बोटीच्या मागच्या शिडीचा फोटो मागवा, खाली उघडून पाण्यात सोडलेली. पाण्याखाली दोनच पायऱ्या जात असतील तर माणसाला पाय पार छातीपर्यंत उचलावा लागतो, हाताने अख्खं अंग वर ओढावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्याने ते होत नाही. तीन-चार पायऱ्या पाण्यात जायला हव्यात, दोन्ही बाजूंना धरायला दांडा हवा, पायऱ्या रुंद हव्यात, गोल नळीच्या पायरीवर ओला अनवाणी पाय दुखतोही आणि सटकतोही. सासऱ्यांसाठी बोट घेताय ना? मग ते पाण्यात उतरून परत वर येऊ शकणार नसतील तर तुमचा अर्धा हिशोब तिथेच कोसळतो. सासूबाईंसाठी सावली आणि टॉयलेट, एवढं बघा, त्या न उतरता खूश राहतील.

अजून एक. 1985 मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी नाटकाच्या सीझन तिकिटांवर प्रयोग केला होता, ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते ते पहिल्या काही महिन्यांत सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. पैसे भरलेत म्हणून जाणं, हे नाटकापुरतं ठीक आहे. समुद्रावर नाही. सकाळी वारा असेल, कॅप्टन म्हणाला 'तुम्ही म्हणत असाल तर जाऊ', आणि तुमच्या मनात अ‍ॅडव्हान्स घोळत असेल, तर तो अ‍ॅडव्हान्स गेला असं समजा आणि मुलांना किनाऱ्यावर खेळू द्या. हा निर्णय कोण घेणार ते आधीच ठरवा, आणि मी तर म्हणेन तुम्हीच घ्या, कारण पैसे वसूल करायची जास्त खुमखुमी मिस्टरांनाच असेल असं पत्रावरून वाटतंय (राग नसावा).

राहिला दिरांचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की ते 'बघू नंतर' म्हणाले. ताई, 'बघू नंतर' वर एक तृतीयांश बजेट उभं करू नका. त्यांना आत्ताच ग्रुपवर तीन आकडे टाका, अख्खा दिवस, अर्धा दिवस, मोठी बोट, प्रत्येकापुढे त्यांचा वाटा लिहा, आणि या महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणावं. मेसेज मिस्टरांच्या फोनवरून जाऊ दे, भावाभावांचं ते बघून घेतील. ते नाही म्हणाले तर सगळे 75 तुमच्यावर येतात, तेव्हा मात्र मी मोठ्या बोटीच्या बाजूने आहे, किंवा त्यांची तिकिटं त्यांनी काढावीत आणि तुम्ही सहा जणांसाठी लहान बोटीचं कोटेशन मागवा, चांगली शिडी असलेली.