‘मार्गॅरिक’ म्हणजे मोत्यासारखा, पण मोती आहे कुठे?

प्रश्न असा आहे की, वसाम्लांच्या (चरबी आणि तेलांत असणाऱ्या आम्लांच्या, म्हणजे फॅटी अ‍ॅसिडच्या) यादीत ‘मार्गॅरिक आम्ल’ हे नाव येते, त्यातील ‘मार्गॅरिक’चा अर्थ काय, आणि त्यासाठी मराठीत ‘मौक्तिकाम्ल’ म्हटलेले चालेल काय?

‘मार्गॅरिक’ या विशेषणाचा मूळ अर्थ ‘मोत्याचा, मोत्यासारखा’ असाच आहे. ग्रीक भाषेत मोत्याला ‘मार्गारितेस’ म्हणतात आणि हा शब्द ग्रीकमध्ये पूर्वेकडून आला असावा असे मानले जाते. फारसीतला ‘मरवारीद’ त्याच्याच नात्यातला. मार्गारेट हे नाव याच मुळातले, म्हणजे अर्थाने आपल्या ‘मुक्ता’ची सख्खी बहीण. निव्वळ ‘मोत्यासारखा’ या अर्थाने ‘मार्गॅरिक’ आज क्वचितच कोणी वापरतो. तो टिकून राहिला तो रसायनशास्त्रामुळे.

त्याचे श्रेय मिशेल यूजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे. डुकराची चरबी आणि पोटॅश यांपासून केलेला साबण त्याने भरपूर पाण्यात टाकला, तेव्हा काही भाग विरघळला आणि उरलेला भाग चकचकीत, मोत्याची झाक असलेल्या कणांच्या रूपात तळाशी बसला. 1813 मध्ये या पदार्थाविषयी लिहिताना त्याने त्याला ‘मार्गरीन’ म्हटले आणि त्यातील आम्लाला पुढे ‘मार्गॅरिक’ हे नाव मिळाले. नावामागे रचनेचा काही विचार नव्हता. डोळ्यांना जे दिसले तेच नावात उतरले. ती झाक कशी येते हेही पाहण्यासारखे आहे. लांब कार्बन-साखळीच्या वसाम्लांचे आणि त्यांच्या क्षारांचे स्फटिक पातळ पापुद्र्यांसारखे असतात, ते एकमेकांवर पसरतात, आणि वेगवेगळ्या थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो मऊ उजळपणा दिसतो. शिंपल्याच्या आतल्या बाजूलाही चुनखडीच्या सूक्ष्म चकत्यांचे थर हेच काम करतात. हात धुण्याचा मोत्यासारखा चमकणारा द्रवसाबण बाटलीत हलवला की जे रेशमी भोवरे फिरताना दिसतात, ते बहुधा स्टिअरिक या वसाम्लापासून केलेल्या ग्लायकॉल डायस्टिअरेटच्या अशाच बारीक स्फटिकांचे असतात.

गंमत पुढेच आहे. शेव्रलचे मार्गॅरिक आम्ल हा एक पदार्थ नव्हताच. 1850 च्या दशकात हाइन्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की ते पामिटिक आणि स्टिअरिक या दोन आम्लांचे मिश्रण होते. पामिटिकमध्ये 16 कार्बन अणू असतात आणि स्टिअरिकमध्ये 18; त्यांचे रेणू समसमान मिसळले तर सरासरी बरोबर 17 येते, त्यामुळे मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणाऱ्या विश्लेषणाला फसायला जागा होती. खरे 17 कार्बनचे आम्ल (हेप्टाडेकॅनोइक आम्ल) स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे, आणि मोकळे झालेले ‘मार्गॅरिक’ हे नाव त्याला चिकटले. जिवंत पेशी वसाम्लांची साखळी दोन-दोन कार्बनांनी वाढवतात, म्हणून सम संख्येची आम्ले विपुल आणि 17 चे दुर्मीळ. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधात आणि चरबीत ते थोडेसे सापडते, कारण त्यांच्या पोटातील जिवाणू विषम साखळीला लागणारा तीन कार्बनांचा प्रारंभिक तुकडा पुरवतात.

म्हणजे आपल्या लोण्यात नावापुरते का होईना मार्गॅरिक आम्ल असते, आणि लोण्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ‘मार्गरीन’मध्ये, तेही वनस्पती तेलापासून केलेले असेल तर, जवळजवळ नसते! हिप्पोलीत मेझ-मुरिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1869 मध्ये गाईच्या चरबीपासून लोण्याला पर्याय तयार केला, तेव्हा ‘मार्गॅरिक’ आम्ल हा चरबीचा मोठा घटक मानला जाई, आणि म्हणून त्याला ‘ओलिओमार्गरीन’ नाव पडले. इंग्रजीत पुढे ‘मार्जरीन’ असा उच्चार रुळल्यामुळे मोत्याशी असलेले नाते कानालाही कळेनासे झाले.

आता मराठीचा प्रश्न. ‘मौक्तिकाम्ल’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, पण मी तो वापरणार नाही. तो वाचणाऱ्याला मोती विरघळवून काढलेले आम्ल वाटेल, कारण मौक्तिकभस्म आपल्या परिचयाचे आहे आणि ते खरोखरच मोत्याचे असते. ‘मोतिया’ही नको, मराठीत त्याने प्रथम फिकट दुधी-पिवळसर रंग डोळ्यांपुढे येतो, तर इथे मुद्दा झळाळीचा आहे, ज्याला जवाहिरे ‘मोत्याचे पाणी’ म्हणतात. खनिजांच्या वर्णनात ‘चमक मोत्यासारखी’ असे सरळ लिहिण्याची पद्धत मला अधिक पटते. पुणे, नाशिक, जळगाव भागांतील बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या स्टिल्बाइट आणि अ‍ॅपोफिलाइट या खनिजांच्या पाटनपृष्ठांवर (खनिज जिथे सपाट फुटते त्या पृष्ठांवर) ही चमक स्पष्ट दिसते, आणि मार्गाराइट या ठिसूळ अभ्रकाला तर तिच्यावरूनच नाव मिळाले आहे. तेव्हा वर्णनासाठी ‘मोत्यासारखी चमक’ आणि रसायनाच्या नावासाठी ‘मार्गॅरिक आम्ल’ हे जसेच्या तसे ठेवावे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गोंधळ नको असेल, तर कंसात ‘17 कार्बनचे’ एवढे लिहून टाकावे.