पाणी किती गरम हवे? साधे सोलर पॅनेल आणि हायब्रिड पॅनेलबाबत शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (विटा परिसर): १५ एचएफ गाई आहेत, धारा मिल्किंग मशीनने काढतो. गोठ्याच्या पत्र्यावर सोलर बसवायचे आहे. विक्रेता म्हणतो, साध्या पॅनेलऐवजी हायब्रिड घ्या, वीजही मिळेल आणि गरम पाणीही. घ्यावे का?

उत्तर: पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी २० ते २२ टक्क्यांचीच वीज होते. बाकीचे ऊन बहुतेक पॅनेल तापवण्यातच जाते. मागच्या स्टिकरवरचे ५५० वॅट हे सेल (पॅनेलमधला वीज तयार करणारा भाग) २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्यावरचा सेल ६० ते ६५ अंशांपर्यंत जातो आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे भर दुपारी १० ते १५ टक्के वीज उन्हानेच खाल्ली. हायब्रिडमध्ये पॅनेलच्या पाठीला नळ्यांचा पत्रा चिकटवलेला असतो. त्यातून पाणी फिरते, सेल थंड राहतो, पाणी तापते. विक्रेता सांगतो ते खोटे नाही.

गोम पुढे आहे. पाणी पॅनेलच्या उष्णतेवर तापते, त्यामुळे ते पॅनेलपेक्षा गरम होऊ शकत नाही. पाणी कोमट घ्याल तर सेल थंड राहतो. पाणी कडक हवे म्हणाल तर सेलही तेवढाच तापवावा लागतो आणि वीज घटते. साधारण ४०-४५ अंशांपर्यंत हायब्रिड चांगले चालते. वरून जादा काचेचे झाकण नसलेल्या प्रकारातून ६० अंशांचे पाणी काढायला गेलात तर हाती फारसे लागत नाही.

आता तुमच्या गोठ्याची गरज पाहू. मशीन धुताना पहिले पाणी ३५ ते ४० अंशांचे कोमटच हवे. थंड पाण्याने दुधातले स्निग्ध नळीत थिजते, कडक पाण्याने प्रथिने चिकटून बसतात. दुसरे, डिटर्जंटचे पाणी मात्र ७० ते ७५ अंशांवर सुरू व्हायला हवे. दोन वेळचे मिळून १५० लिटर कोमट आणि १०० लिटर कडक पाणी धरा.

५५० वॅटची ४ हायब्रिड पॅनेल, म्हणजे २.२ किलोवॅट, दिवसाला सुमारे ९ युनिट वीज देतील. थंड राहिल्यामुळे साध्या पॅनेलपेक्षा फार तर अर्धा युनिट जास्त. टाकीत पाणी ४५ अंशांचे मिळेल. त्यातले १०० लिटर ७५ वर न्यायला हीटर साडेतीन युनिट खाईल. याउलट २०० लिटरचा काचनळ्यांचा सोलर वॉटर हीटर पाणी ६० अंशांवर आणून देतो, आणि तेच १०० लिटर ७५ वर न्यायला पावणेदोन युनिट पुरतात. थोडक्यात, अर्धा युनिट कमवायला पावणेदोन युनिट घालवायचे. पत्र्यावर जागा असेल तर साधी पॅनेल आणि वेगळा वॉटर हीटर घ्या. एक बिघडले तरी दुसरे चालू राहते, आणि दोन्हींचा मिस्त्री तालुक्यातच मिळतो.

मग हायब्रिड कुठे शोभते? जिथे छप्पर अपुरे आहे आणि कोमट पाणी रोज, भरपूर लागते तिथे. पाचगणी-महाबळेश्वरकडच्या कृषी पर्यटन केंद्रात अंघोळीचे ४० अंशांचे पाणी लागते, हे त्याचे खास काम. किंवा हायब्रिडमधून निघालेले कोमट पाणी पुढे काचनळ्यांच्या हीटरला द्यायचे.

तरीही बसवायचे ठरले, तर ४ पॅनेलला ५०० लिटरची इन्सुलेशन असलेली टाकी घ्या. टाकी लहान असली की दुपारी एकलाच पाणी तापते आणि उरलेला दिवस पॅनेल थंड होतच नाही. प्रत्येक पॅनेलला मिनिटाला अडीच ते तीन लिटर पाणी मिळाले पाहिजे. पॅनेल पाण्याच्या बाजूने समांतर जोडा. ज्या कोपऱ्यातून पाणी आत येते त्याच्या तिरक्या समोरच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, नाहीतर टोकाचे पॅनेल कोरडे तापते. सर्वांत उंच जागी हवा काढणारा व्हॉल्व्ह बसवा. टाकी खाली आणि पॅनेल वर असतील तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) विसरू नका, कारण रात्री गरम पाणी आपोआप वर चढून पॅनेलमध्ये निवते आणि पहाटे पाचच्या धारेला टाकी गार! पंपाचा कंट्रोलर असा लावा की पॅनेल टाकीपेक्षा ६ ते ८ अंशांनी गरम झाले की पंप सुरू, फरक २-३ अंशांवर आला की बंद.

बिघाड बहुतेक दोनच. पहिला क्षारांचा. बोअरचे पाणी थेट नळ्यांत सोडले की आतून चुन्याचा थर बसतो आणि उष्णता पाण्यात उतरत नाही. बंबाच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच हा. नळ्यांतले पाणी बंदिस्त ठेवा. टाकीतल्या कॉइलमधून (नळीच्या वेटोळ्यातून) उष्णता द्या. दुसरा बिघाड भारनियमनाचा. फिरवणारा पंप दुपारी बंद पडला की नळ्यांतले पाणी उकाड्यात अडकते, चिकटवलेला पत्रा सुटू लागतो. म्हणून हा पंप स्वतःच्या छोट्या डीसी पॅनेलवरच चालवा.

अनुदानाचे: पीएम सूर्यघर योजनेतले ३ किलोवॅटचे ७८,००० रुपये घरगुती जोडणीसाठी आहेत. गोठ्याची जोडणी वेगळी असेल तर ते हिशेबात धरू नका.

प्रश्न (तासगाव): हायब्रिडच्या उष्णतेवर बेदाणा शेड चालेल का?

उत्तर: शेडला पाणी नको, हवा हवी. पॅनेलमागून हवा ओढणारा प्रकार असतो आणि तो हवा ८-१० अंशांनी तापवतो. पण मार्च-एप्रिलमध्ये तासगावची हवा तशीही कोरडी आणि गरम असते. जास्त तापवले तर हिरवा बेदाणा तांबूस पडतो. उष्णतेची खरी गरज अवकाळीच्या ढगाळ दिवसांत. नेमके त्याच दिवशी ऊन नसते, म्हणजे पॅनेलही थंडच! ते पैसे शेडच्या पडद्यांवर आणि पंख्यांवर लावा. पंखे साध्या पॅनेलवर खुशाल चालवा.

प्रश्न (आटपाडी): सौर कृषी पंपाच्या पॅनेलला मागून तांब्याची नळी लावून बोअरचे पाणी फिरवले तर पाणी जास्त येईल का? वरून फवारा मारला तर?

उत्तर: दोन्ही करू नका. मागे क्लिपा मारल्या की बॅकशीटला (पॅनेलच्या पाठीच्या प्लास्टिक थराला) ओरखडे जातात, ओल आत शिरते आणि कंट्रोलर अर्थ फॉल्ट (वीज जमिनीकडे गळतेय) दाखवून बंद पडतो. तांबे अॅल्युमिनियमच्या चौकटीला टेकले की ओलीत चौकट गंजते. शिवाय अनुदानाच्या पंपाला पुरवठादाराची ५ वर्षांची देखभाल हमी असते. असा बदल केल्यावर दावा मान्य होणे अवघड. फवाऱ्याने तापलेल्या काचेवर क्षाराचे पांढरे डाग बसतात आणि ते नंतर घासूनही निघत नाहीत. उन्हाळ्यात दर १० दिवसांनी, सकाळी ८ च्या आत, गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धूळ पुसा. पाणी कमी येण्याचे कारण बहुतेक वेळा धूळ किंवा दुपारनंतर पडणारी बाभळीची सावली असते. फांदी छाटा.